बॅक्टेरिया खाण्याकडे जमतच नाहीत! (रन-टंबल सिम्युलेशन, मदत हवी)

रँडमवॉकर

मंडळी, जरा किचकट प्रश्न आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा. माझं शिक्षण फिजिक्सचं, बायोलॉजीचा संबंध कधीच सुटला, पण सध्या हौस म्हणून पायथनमधे ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या पोहण्याचं सिम्युलेशन करतेय. वाचलं ते असं की हा साधारण एक सेकंद सरळ पोहतो, मग सेकंदाचा दहावा भाग जागच्या जागी कोलांट्या खातो आणि भलत्याच दिशेला परत सरळ सुटतो. रन आणि टंबल. आणि खाणं जिथे जास्त तिथे टंबल कमी करतो म्हणून हळूहळू तिकडे गोळा होतो.

तर मी तेच केलं. एकच मिती घेतली, १००० मायक्रोमीटर लांबीचा डबा, दोन्ही टोकांना भिंत, डावीकडून उजवीकडे खाण्याचं कॉन्सन्ट्रेशन सरळ चढत जातं. २००० बॅक्टेरिया, वेग सगळ्यांचा सेकंदाला २० मायक्रोमीटर. टंबलचा दर डाव्या भिंतीपाशी सेकंदाला १ आणि कॉन्सन्ट्रेशनप्रमाणे उतरत उतरत उजव्या भिंतीपाशी ०.३. टंबल झालं की नाणेफेक, छापा तर उजवीकडे, काटा तर डावीकडे. सगळ्यांना मधोमध सोडलं.

सुरुवातीला भारी वाटलं कारण पहिल्या मिनिट-दोन मिनिटात (सिम्युलेशनमधली मिनिटं) सरासरी जागा उजवीकडे सरकायला लागली, म्हटलं चला जमलं. पण तसंच चालू ठेवलं की ती परत मागे मध्यावर येते आणि शेवटी हिस्टोग्राम (कुठे किती बॅक्टेरिया याचा आलेख) सपाट. एकदम टेबलासारखा सपाट. रँडम सीड बदलला, बॅक्टेरिया वाढवले, दराचा उतार वाढवला, शेवट तोच. कोड ओळ न् ओळ तपासलाय. बग कुठे असेल?

दुसरी छोटी शंका, थांबलेला बॅक्टेरिया एकदम २० च्या वेगाने कसा सुटेल, प्रवेग घालायला हवा ना?

लॅम्डाकाका

बग नाहीये. तुमच्या मॉडेलचं खरं उत्तरच सपाट आहे, आणि हे उत्तर इतकं मनाविरुद्ध आहे की भले भले इथे अडकतात.

असं बघा. डबा दोन्हीकडून बंद आहे, सगळं स्थिरावलं की कुठल्याही बिंदूतून निव्वळ वाहतूक शून्य. वेग सगळ्यांचा सारखा, म्हणजे त्या बिंदूला उजवीकडे जाणारे आणि डावीकडे जाणारे सारखेच असणार. आता तुमच्या मॉडेलमधे टंबलचा दर फक्त जागेवर ठरतो, जाणारा कुठल्या दिशेला चाललाय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. मग जितके उजवे डावे होतात तितकेच डावे उजवे होतात, आणि एका बिंदूवरून पुढच्या बिंदूवर गेल्यावर उजव्यांची संख्या बदलायला काही कारणच उरत नाही. सगळीकडे सारखी. टंबलचा दर ०.३ असो नाहीतर ०.०००३, फरक पडत नाही. उजवीकडे खाणं जास्त असलेल्या भागात धावा लांब होतात हे बरोबर, पण लांब धाव आत येणाऱ्याला जितकी उपयोगी तितकीच बाहेर पडणाऱ्याला पण!

मग सुरुवातीला सरकले का? कारण उजवीकडे धावा लांब म्हणजे डिफ्यूजन (इकडेतिकडे भटकत पसरणं) जोरात. तुमच्या आकड्यांनी डिफ्यूजन गुणांक म्हणजे वेगाचा वर्ग भागिले टंबलचा दर, डावीकडे ४०० आणि उजवीकडे साधारण १३३० वर्ग मायक्रोमीटर दर सेकंदाला. मधोमध सोडलेला घोळका जोरात डिफ्यूजन असलेल्या बाजूला जास्त पसरतो, त्याची सरासरी सरकते. हा तात्पुरता खेळ आहे. पुष्कळ जण सिम्युलेशन इथेच थांबवतात, ग्राफ काढतात आणि केमोटॅक्सिस (रसायनाच्या ओढीने सरकणं) दिसला म्हणून मोकळे होतात. तुम्ही पुढे चालवलंत म्हणून हे सापडलं.

गंमत अजून बाकी आहे. तुमचं टंबल क्षणात होतं, त्याला खरोखरचा ०.१ सेकंद द्या, तर काय होईल? पोहणाऱ्यांची घनता सपाटच राहील, पण कोलांट्या खात बसलेले जिथे टंबल जास्त तिथे जास्त, म्हणजे डावीकडे! एकूण घनता डावीकडे १.१ तर उजवीकडे १.०३ अशा प्रमाणात, म्हणजे ६-७ टक्के जास्त गर्दी खाणं नसलेल्या बाजूला. आणि दर तोच ठेवून वेग जागेप्रमाणे बदललात तर घनता वेगाच्या व्यस्त प्रमाणात जाते, खाण्यापाशी जोरात पळणारा बॅक्टेरिया खाण्यापाशी कमी सापडेल. श्नित्झर यांच्या १९९३ च्या पेपरमधे हा सगळा हिशोब नीट मांडलेला आहे.

तेव्हा दर दिशेवर ठरला पाहिजे. चढाच्या दिशेला जाणाऱ्याचा कमी, उताराच्या दिशेला जाणाऱ्याचा जास्त. समजा फरक फक्त १० टक्के, म्हणजे एकाचा ०.९ आणि दुसऱ्याचा १.१. मग स्थिर अवस्थेत घनता घातांकी वाढते आणि ती ई पट (सुमारे २.७ पट) व्हायला लागणारं अंतर म्हणजे एका धावेची लांबी भागिले तो फरक, २० भागिले ०.१, म्हणजे २०० मायक्रोमीटर. तुमच्या १००० च्या डब्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ई चा पाचवा घात, जवळजवळ १५० पट. नुसत्या दहा टक्क्यांनी!

प्रवेग अजिबात नको. या आकाराला पाणी म्हणजे घट्ट चिकट माध्यम, रेनॉल्ड्स नंबर (जडत्व चिकटपणाच्या किती पट ते) १०,००० मधे एक नाहीतर त्याहून कमी. शेपट्या फिरवणारी मोटर बंद पडली तर बॅक्टेरिया अणूच्या व्यासाइतकंही अंतर घसरत नाही, जागीच थांबतो. पर्सेल यांचं १९७७ चं या विषयावरचं लेखन जरूर वाचा, फिजिक्सवाल्यांना फार आवडतं.

रँडमवॉकर

बापरे, दंडवत! उजवे-डावे वाला हिशोब कागदावर करून पाहिला, दोन ओळीत सपाट निघाला. पण आता नवीन गोची. बॅक्टेरियाला दिशा कळते कशी? पुढच्या टोकाला खाणं जास्त आणि मागच्या टोकाला कमी असं मोजतो का? मग मी दोन टोकांचं कॉन्सन्ट्रेशन काढून वजाबाकी करू?

उगाच_एक

अवांतर: मोबाईलची रेंज शोधताना आपण हेच करतो की. एका जागी उभं राहून टॉवर कुठे ते कळत नाही, चार पावलं चालायचं, दांड्या वाढल्या तर चालत राहायचं, कमी झाल्या की वळायचं. बाकी चालू द्या, वाचतोय.

आगरप्लेट

उगाच_एक यांनी उगाच म्हणत बरोबर उत्तर दिलंय :) दोन टोकांची वजाबाकी करू नका. ई. कोलाय जेमतेम २ मायक्रोमीटर लांब, एवढ्याशा अंतरात कॉन्सन्ट्रेशनचा फरक फारच कमी, आणि रेणू येऊन आदळतात ते काही रांगेत येत नाहीत. १ मायक्रोमोलर द्रावणात एका घन मायक्रोमीटरमधे साधारण ६०० रेणू असतात, त्यातले किती आता आदळले आणि किती नाही यातच एवढा चढउतार असतो की डोकं आणि शेपूट यातला फरक त्यात बुडून जातो. त्यापेक्षा पोहायचं, एका सेकंदात स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर होतं, आणि मघाशी किती होतं आणि आत्ता किती आहे ते पाहायचं. तुलना वेळेतली.

याचा पुरावा मला फार आवडतो. मॅकनॅब आणि कॉशलंड, १९७२. त्यांनी साल्मोनेला घेतला आणि त्याला झटकन जास्त सेरीनच्या (हे त्याला आवडणारं अमिनो आम्ल) द्रावणात मिसळून टाकलं. मिसळल्यावर सगळीकडे कॉन्सन्ट्रेशन सारखं, चढ नाही उतार नाही, तरी सगळे काही वेळ टंबल न करता सरळ सुटले. कमी केलं तर उलट, कोलांट्यांवर कोलांट्या. म्हणजे जागेतला फरक नसतानाही वेळेतला फरक त्यांना कळला. त्याच वर्षी बर्ग आणि ब्राऊन यांनी एकेका बॅक्टेरियाच्या मागे तीन मितींत फिरणारा मायक्रोस्कोप वापरून दाखवलं की चढाकडे जाताना धावा लांबतात, उताराकडे जाताना मात्र विशेष आखूड होत नाहीत. बरं चाललंय तर चालू दे, वाईट चाललंय तर नेहमीसारखं, असा आशावादी कारभार. त्यामुळे लॅम्डाकाकांचं ०.९ आणि १.१ हे हिशोबाला सोपं म्हणून ठीक, प्रत्यक्षात सममिती नसते.

आता स्मृती. १९८६ मधे सेगल, ब्लॉक आणि बर्ग यांनी बॅक्टेरिया फ्लॅजेलाने (पोहायच्या शेपटीने) काचेला चिकटवले (मग मोटर फिरली की अख्खा बॅक्टेरिया गरागरा फिरतो, मोजायला सोपं) आणि त्यांना आकर्षक रसायनाचा एक छोटा झटका दिला. प्रतिसाद असा आला की साधारण पहिला एक सेकंद टंबल कमी, मग साधारण तीन सेकंद नेहमीपेक्षा जास्त, आणि आलेखात वरच्या उंचवट्याचं क्षेत्रफळ खालच्या खड्ड्याएवढंच. म्हणजे शेवटच्या सेकंदाची सरासरी वजा त्याआधीच्या तीन सेकंदांची सरासरी. कॉन्सन्ट्रेशन कितीही असो, स्थिर असेल तर बेरीज शून्य आणि टंबलचा दर मूळ पदावर. याला ॲडॅप्टेशन म्हणतात.

हे आत घडतं कसं ते थोडक्यात: रिसेप्टरला खाणं चिकटलं की 'की-ए' नावाचा एन्झाइम मंदावतो, त्यामुळे 'की-वाय' या प्रोटीनवर फॉस्फेट कमी बसतं, फॉस्फेटवालं की-वाय मोटरला जाऊन चिकटलं की मोटर घड्याळाच्या दिशेने फिरते आणि टंबल होतं, ते कमी म्हणजे टंबल कमी. हे सगळं सेकंदाच्या अंशात. दुसरीकडे 'की-आर' रिसेप्टरवर मिथाइल गट चढवत असतो आणि 'की-बी' उतरवत असतो, हा कारभार सावकाश, काही सेकंदांचा, तोच स्मृती. मिथाइल किती आहेत म्हणजे मघाशी किती होतं त्याची नोंद.

मॉडेल करणाऱ्यांसाठी इथली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे बर्काई आणि लायब्लर, १९९७. प्रश्न असा होता की टंबलचा दर इतका बिनचूक मूळ पदावर येतो तर सगळ्या प्रोटीनचं प्रमाण तोळामासा जुळवून ठेवलंय का? त्यांनी मॉडेलमधून दाखवलं की गरज नाही, रचनाच अशी आहे की आकडे इकडेतिकडे झाले तरी परत येणं बिनचूक राहतं. १९९९ मधे प्रयोगात की-आरचं प्रमाण खूप बदलून पाहिलं, परत यायला लागणारा वेळ बदलला, नेहमीचा टंबल दरही बदलला, पण बिनचूकपणा टिकला. नंतर २००० मधे कंट्रोल थिअरीवाल्यांनी सांगितलं की हा तर आमचा इंटिग्रल फीडबॅक (चूक साठवत जाऊन ती शून्यावर आणणारी दुरुस्ती)!

लॅम्डाकाका

आगरप्लेट, छान लिहिलंत. उंचवटा आणि खड्डा यांच्या आकारावरूनही वाद झालेला आहे. पटकन चढाकडे सरकण्यासाठी जो प्रतिसाद उत्तम तो शेवटी गर्दी टिकवायला उत्तम नाही, आणि क्लार्क व ग्रँट यांनी २००५ मधे म्हटलं की खरा प्रतिसाद या दोन्हींमधली तडजोड आहे.

रँडमवॉकर, हे सगळं कोडमधे आणायला एकच जास्तीचा आकडा पुरतो. प्रत्येक बॅक्टेरियाला एक 'आठवण' द्या, ती हळूहळू आत्ताच्या कॉन्सन्ट्रेशनकडे सरकते. दर पावलाला आठवण अधिक, डीटी भागिले टी गुणिले (आत्ताचं वजा आठवण). डीटी म्हणजे एका पावलाचा वेळ, टी म्हणजे आठवण बदलायला लागणारा वेळ. टंबलचा दर या (आत्ताचं वजा आठवण) वर ठरवा, धन असेल तर कमी, ऋण असेल तर जास्त (किंवा आगरप्लेट म्हणतात तसं, ऋण असेल तर आहे तेवढाच).

आता टी शी खेळा. टी अनंत केलात तर आठवण कधी बदलतच नाही, दर फक्त जागेवर ठरतो, म्हणजे तुमचं पहिलं मॉडेल, सपाट हिस्टोग्राम. विसरायला शिकवलं की गर्दी जमते. टी फार लहान केलात तर आत्ताचं आणि आठवण यात फरकच उरत नाही आणि रेणूंच्या गोंधळात तो दिसेनासा होतो. तुमच्या सिम्युलेशनमधे हा त्रास जाणवणार नाही कारण तुम्ही कॉन्सन्ट्रेशन नेमकं वाचताय, त्यात थोडा नॉइज घाला मग कळेल. आणि टी फार मोठा नको कारण टंबलनंतर दिशा बदलली तरी जुन्या दिशेची नोंद डोक्यात राहते. शिवाय दोन-तीन मितींत पाण्याचे धक्के बॅक्टेरियाला वळवत राहतात, एका सेकंदाची 'सरळ' धावसुद्धा साधारण ३० अंश वाकते, दहा सेकंदांपूर्वी कुठे तोंड होतं याला काही अर्थ नाही. काही सेकंद, बस.

समीकरणबहाद्दर

एवढे दोन हजार जीव पाळायचे कशाला मी म्हणतो? केलर-सेगेल समीकरण लावा. घनतेचा बदलाचा दर = डिफ्यूजन वजा (केमोटॅक्टिक गुणांक गुणिले घनता गुणिले कॉन्सन्ट्रेशनचा उतार) याचं डायव्हर्जन्स. एक ओळ. १९७० मधे त्यांनी स्लाइम मोल्डच्या पेशी एकत्र कशा येतात त्यासाठी लिहिलं आणि १९७१ मधे बॅक्टेरियाच्या पट्ट्यांसाठी. ज्युलियस ॲडलर यांनी १९६६ मधे केशनळीच्या एका टोकाला बॅक्टेरिया सोडले होते तेव्हा ते पट्टे करून नळीतून पुढे सरकताना दिसले, समोरचं खाणं खाऊन टाकतात आणि त्यामुळे जो उतार तयार होतो त्यावरच स्वार होऊन पुढे जातात. केलर-सेगेल मधून असा पट्टा निघतो, फक्त केमोटॅक्टिक गुणांक कॉन्सन्ट्रेशनच्या व्यस्त प्रमाणात घ्यावा लागतो आणि तो डिफ्यूजनपेक्षा मोठा लागतो. माझं मत, सिम्युलेशन हे गणित टाळायची पळवाट आहे.

आगरप्लेट

बहाद्दर, पळवाट वगैरे राहू द्या. त्याच समीकरणात पेशी स्वतःच आकर्षक रसायन सोडतात असं धरलं आणि दोन मितींत गेलात की एका ठराविक वस्तुमानापुढे घनता मर्यादित वेळात अनंत होते, घनता एका बिंदूत कोसळते. नंजुंडैया यांनी १९७३ मधेच अशा कोसळण्याबद्दल लिहिलं होतं. गणितज्ञांना त्यावर अख्खं करिअर करता येतं पण माझ्या प्लेटमधे अजून काही अनंत झालेलं नाही.

लॅम्डाकाका

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. केलर-सेगेलमधे उतार दुप्पट केला की सरकण्याचा वेगही दुप्पट, असं करत करत तुम्ही ५० मायक्रोमीटरचा वेग काढू शकता, पण बॅक्टेरियाचा स्वतःचाच वेग २० आहे! ते समीकरण रन-टंबलमधून काढताना गृहीत धरलेलं असतं की एका धावेच्या अंतरात आणि वेळात फारसं काही बदलत नाही. रँडमवॉकरच्या डब्यात पन्नास धावा मावतात आणि उतार मंद, तिथे चालेल. तीव्र उतार असेल तिथे नाही.

आणि बहाद्दर, मूळ प्रश्न समीकरणात टाकून बघा. जागेप्रमाणे बदलणारा डिफ्यूजन गुणांक तुम्ही डेरिव्हेटिव्हच्या आत लिहिणार की बाहेर? (डिफ्यूजनच्या पदात डेरिव्हेटिव्ह दोनदा येतो.) दोन्ही डेरिव्हेटिव्हच्या आत टाकलात तर घनता डिफ्यूजनच्या व्यस्त, म्हणजे गर्दी डावीकडे. एकाच्या आत टाकलात तर सपाट. दोन्ही समीकरणं दिसायला सभ्य. कुठलं खरं ते एकेका बॅक्टेरियाचा हिशोब केल्याशिवाय कळत नाही, म्हणून दोन हजार जीव पाळायचे.

समीकरणबहाद्दर

हा मुद्दा मान्य. पळवाट शब्द मागे.

रँडमवॉकर

जमलं!! आठवण घातली, टी तीन सेकंद, उजवीकडे गर्दी झाली आणि घनतेचा लॉग घेतला तर मधल्या भागात सरळ रेषा. टी वाढवत नेला की रेषा आडवी होत जाते, काका म्हणाले तसंच. पण दोन्ही भिंतींना चिकटून एकेक मोठा सुळका येतोय, डावीकडे सुद्धा, तिथे तर खाणंच नाही. आणि पुढची पायरी म्हणून ते ॲडलरवाले पट्टे करायचे आहेत, खाणं खाऊन टाकायचं ते कसं घालू?

लॅम्डाकाका

सुळका म्हणजे भिंतीपलीकडे गेलेल्याला तुम्ही नुसतं भिंतीवर आणून ठेवताय आणि दिशा तीच ठेवताय, मग तो पुढचं टंबल होईपर्यंत भिंतीला डोकं लावून बसतो. दिशा उलटी करा, सुळका जाईल. (खरे बॅक्टेरियासुद्धा काचेजवळ रेंगाळतात, पण त्याची कारणं वेगळी, ती इथे नकोत.)

पट्ट्यांसाठी खाणं वेगळ्या ग्रिडवर ठेवा, प्रत्येक बॅक्टेरिया आपल्या घरातलं थोडं खातो आणि खाणं डिफ्यूज होतं. २००० जीव पुरेसं खाणार नाहीत, म्हणून एकेका सिम्युलेटेड बॅक्टेरियाला हजारोंच्या बदल्यात धरा. दर (आत्ताचं वजा आठवण) ऐवजी त्यांच्या लॉगवर ठरवा, कारण ई. कोलाय बऱ्याच मोठ्या पल्ल्यात किती पटीने बदललं ते पाहतो. फक्त लॉगच्या आत एक छोटा स्थिरांक मिळवा नाहीतर खाणं संपलेल्या घरात कोड झोपेल. आणि डबा लांब करा, १ मिलिमीटरमधे पट्टा सुटायच्या आत भिंत येते.

आगरप्लेट

एक भर. सगळ्यांना एकच टी आणि एकच टंबल दर देऊ नका, थोडा फरक ठेवा, एकाच वसाहतीतल्या जुळ्या बॅक्टेरियांतही तो असतो. २०१८ मधे दाखवलंय की अशा पट्ट्यात चढ चांगला पकडणारे पुढे आणि जरा कच्चे मागे अशी आपोआप रांग लागते, तरी सगळे एकाच वेगाने जातात. तुमच्या कोडमधे रांग लागते का बघायला आवडेल.

समीकरणबहाद्दर

आणि खाण्याचा डिफ्यूजन गुणांक छोट्या रेणूंसाठी साधारण १००० वर्ग मायक्रोमीटर दर सेकंदाला धरा. ग्रिडचं घर १० मायक्रोमीटर ठेवलंत तर साध्या पद्धतीत डीटी ०.०५ सेकंदाच्या खालीच लागेल, नाहीतर खाणं करवतीसारखं वरखाली होऊन ऋण जाईल आणि तुम्ही परत बॅक्टेरियातच बग शोधत बसाल. ०.०२ घ्या.